आचार्यांचा स्वाध्याय

खूप जुन्या काळची ही गोष्ट. तेव्हा पोथ्या लिहायची रीत अजून पडली नव्हती. जे जपायचं असे ते माणसं जिभेवर जपत, आणि जग सोडण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी जिभेवर ठेवून जात. मुलांनो, आणि मुलांच्या मागं बसून ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो, ही गोष्ट अशाच एका ठेव्याची आहे. ती सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

एका राज्यात नदीकाठी एक आश्रम होता. तिथले आचार्य विद्वान होते आणि शिस्तीचे होते. पहाटे नदीवर स्नान करून ते दगडी ओट्यावर बसत आणि पाठ म्हणत. थंडी असो, ताप असो, त्यांचा नेम चुकत नसे. शिष्यांना ते सांगत, स्वाध्याय म्हणजे दोन गोष्टी. आपल्या गुरूकडून आलेला पाठ रोज म्हणायचा, ही एक. आणि आपण आपल्यालाच रोज तपासायचं, ही दुसरी. पहिली सोपी आहे, असंही ते म्हणत. शिष्य माना डोलवत. आचार्यांना स्वतःला मात्र पहिलीतच इतका आनंद होता, की दुसरी कधी राहून गेली ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आश्रमात पाठाचे पुष्कळ अध्याय शिकवले जात. शेवटचा अध्याय मात्र सगळ्यांना शिकवत नसत. आचार्यांनी एकच शिष्य निवडायचा आणि त्याला तो द्यायचा, अशी परंपरा होती. माणूस गेल्यावर मागं राहिलेल्यांनी कसं जगावं, हे त्या अध्यायात सांगितलं होतं. वर्षातून एकदा, शरद ऋतूत, तो सगळ्यांसमोर म्हटला जाई, पण ऐकून तो पाठ करायची इतर कुणाला मुभा नव्हती. ज्यांच्या घरी त्या वर्षी कुणी गेलेलं असे, ती माणसं लांबलांबून येत. येताना त्यांचे चेहरे दगडासारखे असत. ऐकता ऐकता कुणी रडे, आणि जाताना वाटेत एकमेकांशी दोन शब्द बोलू लागे. एवढं त्या शब्दांचं बळ होतं.

आचार्यांनी या अध्यायासाठी सोमदत्त नावाच्या शिष्याला निवडलं होतं. सोमदत्त लहान असताना आश्रमात आला होता. आचार्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नीला सगळे माई म्हणत. तिनं त्याला न्हाऊ घातलं होतं, त्याचे दुखरे कान शेकले होते, त्याच्या वाट्याचं दूध झाकून ठेवलं होतं. आचार्यही त्याच्यावर जीव लावून होते. शेवटचा अध्याय शिकवताना त्यांनी कशाचीही घाई केली नाही. अक्षर न् अक्षर त्याच्या जिभेवर बसलं तेव्हा आचार्य माईला म्हणाले, की आता डोळे मिटायला हरकत नाही.

त्या वर्षी शरदात आचार्यांचा घसा बसला. आवाजच फुटेना. माणसं तर येऊन बसलेली. मग सोमदत्तानं अध्याय म्हटला.

त्या दिवशी राजाची आईही आली होती. तिचा धाकटा मुलगा त्या पावसाळ्यात गेला होता. अध्याय संपल्यावर ती बराच वेळ उठली नाही. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि शेजारच्या बाईला हळूच म्हणाली, "इतकी वर्षं ऐकत आले मी. आज समजलं."

आचार्य मागंच बसले होते. त्यांनी ते ऐकलं.

त्यांनी सोमदत्ताच्या पाठीवर हात ठेवला, त्याला आशीर्वाद दिला. त्यांनी मनाशीही हेच म्हटलं, की शिष्यानं नाव काढलं. पण त्या दिवसापासून त्यांना सोमदत्ताचं काही ना काही खटकू लागलं. तो उशिरा उठतो, असं वाटू लागलं. त्याच्या बोलण्यात ताठा आलाय, असं वाटू लागलं. शिष्य त्याच्याभोवती जमले की आचार्य कुणाला तरी कामाला लावत.

आणि एका सकाळी ते घडलं. सगळे पाठाला बसले असताना सोमदत्तानं एक स्वर जरा वर उचलला. आचार्यांनी हात वर करून पाठ थांबवला. तो स्वर तसा नाही, असं त्यांनी सुनावलं. सोमदत्त गोंधळला. मान खाली घालून म्हणाला, की आपणच असा शिकवलात, आचार्य. मग आचार्यांचा आवाज चढला. परंपरा बिघडवतोस आणि वर गुरूवर ढकलतोस, असं ते म्हणाले. सोमदत्ताच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पाणी बघून आचार्यांना आणखीच राग आला.

"ही जीभ अशुद्ध आहे," ते म्हणाले. "या जिभेनं पाठातलं एकही अक्षर पुन्हा उच्चारू नकोस. आणि इथं थांबू नकोस."

सोमदत्तानं त्यांना नमस्कार केला. स्वयंपाकघराच्या दारात माई उभी होती, तिच्याही पाया पडला आणि निघून गेला. माईच्या हातात पळी होती. ती काहीतरी बोलणार होती, पण एवढ्या शिष्यांसमोर नवऱ्याला कसं टोकायचं, म्हणून गप्प राहिली.

दिवस गेले. शेवटच्या अध्यायासाठी आचार्यांनी दुसरा शिष्य निवडला नाही. योग्य कुणी दिसत नाही, असं ते सांगत. शरदात माणसं आली, तेव्हा त्यांनी निरोप दिला की हा अध्याय असा उघड्यावर म्हणणं बरं नाही. माणसं दगडासारख्या चेहऱ्यांनी आली तशीच परत गेली. काही वर्षं येत राहिली, मग यायची थांबली. पहाटेच्या पाठातही आचार्य त्या अध्यायापाशी येऊन उठू लागले. का, ते त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही. खरं असं होतं, की पहिल्या ओळीला त्यांच्या कानात सोमदत्ताचा आवाज सुरू होई.

सोमदत्ताची गोष्ट मात्र ते सांगत. नवे शिष्य आले आणि स्वाध्यायाचा विषय निघाला, की उदाहरण म्हणून हीच गोष्ट येई. माझा एक शिष्य होता, पोटच्या मुलासारखा. पण परंपरेपुढं गुरूनं माया बघायची नसते. असं सांगताना त्यांचा आवाज जड होई आणि शिष्यांना त्यांचा फार आदर वाटे.

माई ओसरीवर धान्य निवडत बसलेली असे. तिच्या कानावर ही गोष्ट वर्षानुवर्षं पडत होती आणि तिच्या लक्षात येत होतं, की ती दरवेळी थोडी बदलते. आधी सोमदत्तानं एक स्वर चुकवला होता. पुढं त्यानं ओळच बदलली होती. पुढं तो गुरूला उलट बोलला होता. एकदा तर आचार्यांनी सांगितलं, की एवढं होऊन तो निर्लज्जासारखा हसत हसत निघून गेला.

त्या दिवशी माईनं सूप बाजूला ठेवलं. शिष्य पांगल्यावर तिनं आचार्यांचं पान वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "तो हसला नव्हता. रडत होता."

आचार्यांचा घास हातातच राहिला. एवढ्या जुन्या गोष्टीत एखादा तपशील इकडचा तिकडं होतो, असं ते म्हणाले.

"तपशील नव्हे तो," माई म्हणाली. "आवाज तुम्ही चढवलात. तो एकच वाक्य बोलला, आणि तेही मान खाली घालून. अहो, साऱ्या जगाला सांगता ही गोष्ट. एकदा स्वतःलाही सांगा. जशी झाली तशी."

आचार्य पानावरून उठले. त्या दिवशी ते तिच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

पण ते वाक्य त्यांच्या मनातून जाईना. पहाटे ओट्यावर बसले की पाठाऐवजी तेच ओठांवर येई. शेवटी एका सकाळी त्यांनी ठरवलं, की ती घटना मनाशी सांगून बघू. काही वाढवायचं नाही, काही गाळायचं नाही. वाटलं होतं त्यापेक्षा ते अवघड निघालं. 'सोमदत्तानं स्वर वर उचलला' इथवर ते येत, आणि मन लगेच म्हणे, चुकीचा उचलला. ते पुन्हा सुरुवातीपासून सांगू लागत. 'मी हात वर केला.' मन म्हणे, परंपरेसाठी केला. ज्या माणसाला शेकडो ओळी न अडखळता येत होत्या, त्याला आपल्या आयुष्यातली एक सकाळ सरळ सांगता येईना.

रोज ते बसत. नदीवर ऊन येई, शिष्य वाट बघत, पण आचार्य उठत नसत. हळूहळू एकेक शब्द गळत गेला. परंपरेसाठी, हा शब्द गळला. शिष्याच्या भल्यासाठी, हाही गळला. शेवटी उरली ती राजाची आई आणि तिचं ते हळूच म्हटलेलं वाक्य. 'आज समजलं.' आणि ते ऐकताना आपल्या छातीत जे पेटलं होतं, ते. तो स्वर सोमदत्तानं बरोबर म्हटला होता. शिकवला होता तसाच. आणि हात वर करताना आचार्यांना ते ठाऊक होतं. पुढं कधीतरी कळलं असं नव्हे, त्याच क्षणी ठाऊक होतं.

आचार्य ओट्यावरून उतरून आत आले. माई चुलीपाशी होती. ते तिच्याजवळ जमिनीवरच बसले.

"मला त्याचा मत्सर वाटला," ते म्हणाले.

माईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "मला माहीत होतं. मीही बोलले नाही. तुमच्याइतकीच मीही त्यात आहे."

दुसऱ्या दिवशी आचार्यांनी कित्येक वर्षांनी शेवटचा अध्याय म्हणायला घेतला. पहिल्या ओळी आल्या. मग एक ओळ आली नाही. ती सोडून ते पुढं गेले, तर पुढं नुसतंच मोकळं. इथं एखादा शब्द, तिथं अर्धी ओळ, मध्ये काही नाही. कसर लागलेली शाल उलगडावी तसं झालं. ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले आणि दरवेळी भोकं तीच राहिली. त्यांच्या गुरूंनी दिलेला, त्या गुरूंना त्यांच्या गुरूंनी दिलेला तो ठेवा आता या जगात एकाच माणसापाशी होता.

आचार्य आणि माई बैलगाडीनं निघाले. सोमदत्त समुद्राच्या बाजूला गेल्याचं ऐकिवात होतं. गाडीत बसल्या बसल्या आचार्य माईला सांगू लागले, की अध्याय वाचवायला हवा म्हणून जायचं, परंपरेचा प्रश्न आहे. बोलता बोलता तेच थांबले. पुन्हा तोच शब्द तोंडात आला होता. मग ते म्हणाले, की नाही, मी माफी मागायला चाललोय. अध्याय मिळाला तर मिळाला. माईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. वाटेत गावोगाव विचारत ते पुढं सरकत राहिले.

समुद्रकाठच्या एका गावात मिठागरं होती. चौकोनी वाफ्यांत खारं पाणी अडवलेलं, बांधांवर मिठाच्या पांढऱ्या राशी. तिथं एक माणूस उघड्या अंगानं लांब दांड्याच्या फावड्यानं मीठ ओढत होता. केस पांढरे झाले होते, पाय मिठानं फुटले होते. माईनं त्याला चालण्यावरून ओळखलं.

सोमदत्तानंही त्यांना ओळखलं. फावडं बांधावर ठेवून तो धावत आला आणि चिखलातच दोघांच्या पाया पडला. त्यानं त्यांना घरी नेलं. त्याच्या बायकोनं पाय धुवायला पाणी दिलं, पेज वाढली. कशासाठी आलात, असं त्यानं विचारलं नाही. आश्रमातल्या आंब्याची, गाईंची, जुन्या सोबत्यांची चौकशी केली.

जेवण झाल्यावर आचार्य त्याच्यासमोर बसले. वाटेत त्यांनी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता बोलावंसं वाटेना.

"सोमदत्ता, तू बरोबर म्हटलं होतंस," ते म्हणाले. "मला ते तेव्हाही ठाऊक होतं. लोकांना तुझा पाठ आवडला, ते मला सहन झालं नाही. म्हणून मी तुला घालवलं."

बाहेर समुद्राची गाज चालू होती. सोमदत्तानं वर पाहिलं.

"मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, की माझंच चुकलं असणार," तो म्हणाला. "आपण चुकाल असं मनात आणणंसुद्धा मला पाप वाटायचं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. आचार्यांना वाटलं, राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी हात जोडले. सोमदत्तानं घाईनं ते हात धरले आणि खाली केले.

मग आचार्यांनी अध्यायाचं सांगितलं. आपल्याला आता त्यातलं थोडंच आठवतं, तू म्हण, मी पुन्हा तुझ्याकडून शिकतो, असं ते म्हणाले. सोमदत्ताचा चेहरा उतरला. त्यानं माईकडं पाहिलं, जणू तिनं हे आचार्यांना सांगावं. पण तिला तरी कुठं ठाऊक होतं?

"आपण म्हणाला होतात, या जिभेनं एकही अक्षर उच्चारू नकोस," तो म्हणाला. "मी आज्ञा पाळली. सुरुवातीला फार जड गेलं. पहाटे जाग आली की ओठ आपसूक हलायचे. मग मी तोंडात मिठाचा खडा धरून बसायचो, ओठ थांबेपर्यंत. ओठ थांबले तरी मनात चालायचं. मग मनातही येऊ द्यायचं नाही, म्हणून लाटा मोजायचो. आचार्य, तो अध्याय शिकायला मला जितकी वर्षं लागली, त्याहून जास्त विसरायला लागली. पण विसरलो."

माई उठून त्याच्याजवळ गेली. त्याचा चेहरा तिनं दोन्ही हातांत धरला, लहानपणी धरायची तसा. मग ती दारात जाऊन पाठमोरी उभी राहिली.

ते काही दिवस तिथंच राहिले. सकाळी समुद्राच्या वाळूत बसून गुरू-शिष्य आठवत राहिले. आचार्य एक ओळ म्हणत आणि सोमदत्त डोळे मिटून ऐके. कधी त्याच्या ओठांवर एखादा शब्द येई, तेव्हा दोघं एकमेकांकडं आशेनं बघत. पण पुढचा शब्द येत नसे. एकदा सोमदत्ताला एक अख्खी ओळ आठवली, आणि ती म्हणताना त्याचा आवाज फुटला. एवढ्या वर्षांत तो आवाज गाण्याला, पाठाला कशालाच वापरलेला नव्हता. ती ओळ मिळाली, आणखी एक-दोन मिळाल्या. बाकी गेलं ते गेलंच.

निघताना आचार्यांनी त्याला आश्रमात चलायला सांगितलं. आपली जागा देतो म्हणाले. सोमदत्तानं बायकोकडं, पोरांकडं, बांधावरच्या मिठाच्या राशींकडं पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"माझं मन आपल्याविषयी स्वच्छ आहे," तो म्हणाला. "पण तिथं पाठाला बसलो, तर माझा हात मिठाचा खडा शोधील."

आश्रमात परतल्यावर आचार्यांनी शिष्यांना समोर बसवलं आणि सोमदत्ताची गोष्ट जशी झाली तशी सांगितली. मत्सर हा शब्द त्यांनी टाळला नाही. काही शिष्य अस्वस्थ झाले. काही जण असल्या गुरूकडं शिकायचं नाही म्हणून निघून गेले. जे राहिले, त्यांना आचार्य संध्याकाळी एवढंच विचारत, की आज काय केलंस आणि ते कशासाठी केलंस. उत्तर त्यांना ऐकायचं नसे. ते ज्यानं त्यानं स्वतःला द्यायचं असे. आचार्य स्वतःही शिष्यांबरोबर डोळे मिटून बसत, आणि पुष्कळदा सगळ्यांत शेवटी उठत.

पुढं माई गेली. आचार्य फार म्हातारे झाले.

एका दुपारी एक बाई आश्रमाच्या दाराशी आली. दूरच्या गावाहून चालत आली होती. तिचा मुलगा विहिरीत पडून गेला होता. तिच्या आजीनं तिला कधीतरी सांगितलं होतं, की नदीकाठच्या आश्रमात असं काही म्हणतात, ते ऐकलं की माणूस जगू शकतं. ते शब्द ऐकायला ती आली होती.

शिष्यांनी आचार्यांकडं पाहिलं. आचार्य काठी टेकत उठले आणि तिच्याजवळ येऊन बसले.

"बाई, ते शब्द होते," ते म्हणाले. "माझ्याकडं होते. माझ्या मत्सरापायी गेले. आता ते कुणालाच येत नाहीत."

बाईला त्यातलं काही कळलं नसावं. ती नुसती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली, अजून ते काही म्हणतील म्हणून. आचार्यांना जेवढ्या ओळी येत होत्या तेवढ्या त्यांनी म्हटल्या. त्या तुटक होत्या, त्यांतून अर्थ लागत नव्हता. मग तेही थांबले. ऊन उतरेपर्यंत ते तिच्या शेजारी बसून राहिले. मग ती उठली, पदर सावरला आणि आली तशीच, त्याच दगडासारख्या चेहऱ्यानं परत गेली. आचार्य ती वळणाआड जाईपर्यंत तिच्याकडं बघत होते. ते शब्द असते तर ती वाटेत कुणाशी तरी दोन शब्द बोलली असती, हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असणं त्यांनी मरेपर्यंत स्वतःपासून लपवलं नाही.

तात्पर्य : आपण जे केलं ते कशासाठी केलं, हे ज्यानं वेळेवर स्वतःला खरंखरं विचारलं नाही, त्याचा सारा पाठ तोंडात असूनही स्वाध्याय झालेला नसतो, आणि उशिरा झालेल्या स्वाध्यायानं मन निवळतं, पण गमावलेलं परत येत नाही.